दारव्हा मोतीबाग जंक्शन: तिसरा रूळ गेला कुठे?

रूळवेडा

शकुंतलेवर, म्हणजे मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर या नॅरोगेजवर, इथे आधी धागे येऊन गेलेत. पण ही लाइन सरकारची नव्हे, खाजगी कंपनीची, म्हणून "इंग्रजांना अजून पैसे जातात का" या मुद्द्यापाशी प्रत्येक धाग्याची गाडी जी अडकते ती पुढे सरकतच नाही. म्हणून हा धागा फक्त एका स्टेशनापुरता. दारव्हा मोतीबाग.

या नावापुढे 'जंक्शन' लागतं. आता नकाशा उघडा. पूर्वेला यवतमाळ, वायव्येला कारंजा आणि त्यापुढे मूर्तिजापूर. एका बाजूने रूळ येतो, दुसऱ्या बाजूने जातो. असल्या ठिकाणाला कुणी जंक्शन म्हणत नाही. मग तिसरी दिशा कुठाय?

तिसरी दिशा दक्षिणेची होती. दारव्ह्याहून दिग्रसमार्गे पुसदला जाणारा फाटा. हाही नॅरोगेजच, अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उखडून नेला. जेमतेम दशकभराचं आयुष्य. एवढ्यात ना त्याच्यावर कुणी म्हणी रचल्या, ना गाणी. ज्यांनी त्यातून प्रवास केला त्यातलं आज कोण असणार? पाटीवरचं 'जंक्शन' मात्र नंतरची सत्तरेक वर्षं तसंच राहिलं.

थोडी मागची गोष्ट सांगतो, म्हणजे हा फाटा का निघाला ते लक्षात येईल.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबईहून निघालेली मुख्य लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. भुसावळ, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव अशी वऱ्हाड आडवं कापत गेली. अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) नुकतंच संपलेलं. त्या काळात अमेरिकन कापूस बंद पडल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची चव लागलेली होती. पण लाइन गेली सपाटीवरून, सोयीच्या जागेवरून. खामगाव आणि अमरावती हे दोन मोठे कापूसबाजार तिने बाजूला टाकले. म्हणून लगोलग १८७०-७१ मध्ये जलंब–खामगाव आणि बडनेरा–अमरावती हे दोन छोटे फाटे काढावे लागले. ते ब्रॉडगेज, म्हणजे मुख्य लाइनसारखेच रुंद रुळाचे होते आणि आजही चालू आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

उरले ते लांबचे बाजार: अचलपूर, दर्यापूर, अंजनगाव एका अंगाला आणि कारंजा, दारव्हा, यवतमाळ दुसऱ्या अंगाला. तिथे ब्रॉडगेजचा खर्च झेपणारा नव्हता. मग स्वस्तातला अरुंद रूळ आला. पैसा उभा केला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने, कारभार पाहिला मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने आणि गाड्या चालवल्या जीआयपीने. मूर्तिजापूरहून यवतमाळ ११३ किलोमीटर, अचलपूर ७६. याच कंपनीचा तिसरा तुकडा पुलगाव–आर्वी, ३५ किलोमीटर. आणि शेवटचं शेंडेफळ म्हणजे आपला दारव्हा–पुसद.

म्हणजे मुख्य लाइनला फुटलेला फाटा शकुंतला, आणि शकुंतलेला फुटलेला फाटा पुसद. फाट्याच्या फाट्यावरचं हे जंक्शन! माझं म्हणणं असं की या स्टेशनाला एसटीने किंवा ट्रकने मारलं नाही. ते आधीच मेलेलं होतं. बाकी शकुंतला गेली म्हणून आपण हळहळतो, ते ठीक. पण मोतीबागचं जंक्शनपण त्याच्या कितीतरी आधी गेलं आणि त्याबद्दल कुणी ब्रही काढला नाही.

वऱ्हाडी_गडी

वा भाऊ! आमच्या गावचं नाव धाग्याच्या माथ्यावर पाहून छाती फुगली न राजेहो.

मी पुसदचा फाटा काही पाह्यला नाही, माया बापानंही नाही. पण आजा सांगे. तो म्हणे का, पुसदकडून गाडी यायची तं तिच्यात माणसं कमी अन् कापूस जास्त. आता आज्याच्या गोष्टीत किती खरं अन् किती फोडणी, हे तुम्ही ठरवा.

यवतमाळची गाडी मात्र मी पोटभर पाह्यली. गाडीची चाल अशी का, चालत्या गाडीतून उतरा, आडोशाला जाऊन या, अन् धावत जाऊन मागचा डबा धरा. हे सारेच सांगतात म्हणून खोटं वाटते, पण चढावर खरंच होये तसं. गेटावर गाडी थांबे, गाडीतलाच माणूस उतरे, फाटक लावे, गाडी पार होये, तो फाटक उघडे अन् पुन्हा गाडीत बसे. तिकीट कुठं काढाचं? गार्डसाहेबाजवळ. सिग्नल कोण पाहे? तेच. एकटा माणूस सारं स्टेशन खिशात घेऊन फिरे.

बाकी एक सांगतो. आमच्या इकडं 'मोतीबाग' म्हटलं का लोकायले रेल्वेच आठवते. बाग कुठं होती ते इचारू नका.

सिग्नल_डाऊन

धागा आवडला. जंक्शन म्हणजे नेमकं काय काय लागायचं, त्यावर माझे दोन पैसे.

एकेरी लाइनवर साधं स्टेशन म्हणजे एक लूप: समोरासमोरच्या दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावं एवढंच. जंक्शन झालं की कामं वाढतात. फाट्याची गाडी तिथेच संपते, म्हणजे तिचं इंजिन डब्यांच्या पुढून सोडवून मागच्या टोकाला लावायला मोकळा रूळ हवा. वाफेच्या इंजिनाला पाणी हवं, म्हणजे टाकी आणि पाण्याचा खांब आला. राख झाडायला खड्डा. रात्री इंजिन मुक्कामी राहणार असेल तर शेड आणि ते पहाटे पेटवायला माणूस. गाडी सुटेपर्यंत इंजिन तापलेलं हवं, म्हणून फायरमनची पाळी गाडीच्या कितीतरी तास आधी सुरू व्हायची. शिवाय फाट्यावरून आलेल्या वाघिणी (मालडबे) वेगळ्या काढून मुख्य गाडीला जोडायच्या, म्हणजे शंटिंग. त्यासाठी पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा), खलाशी. मास्तराला दोन दिशांऐवजी तीन दिशांच्या लाइनचा हिशेब ठेवावा लागायचा, कारण एका तुकड्यावर एका वेळी एकच गाडी, हा एकेरी लाइनचा वेद.

म्हणून एखादं स्टेशन पूर्वी जंक्शन होतं का हे बंद झाल्यावरही ओळखता येतं. गावाच्या मानाने यार्ड भलतंच ऐसपैस असतं. दिवसाला एक गाडी येणाऱ्या ठिकाणी चार रुळांची जागा कशाला लागते? तिथे काहीतरी वळत होतं म्हणून.

आता खरी मेख. पुसदचा कापूस मोतीबागला आला तर तिथे उतरवावा लागत नव्हता, गेज एकच. वाघीण तशीच पुढे मूर्तिजापूरला जायची. खरी मारामार तिथे. नॅरोगेजची वाघीण एका रुळावर, ब्रॉडगेजची दुसऱ्यावर, मध्ये फलाट, आणि हमाल गाठी पाठीवर घेऊन इकडून तिकडे. गाठ म्हणजे आजच्या मापाने १७० किलो. याला ट्रान्सशिपमेंट म्हणायचे. वेळ गेला, हमाली गेली, पावसात माल भिजला तर तो वेगळा. अडीच फुटी रुळाने बांधकामात जो पैसा वाचवला तो मूर्तिजापूरच्या फलाटावर रोज थोडाथोडा परत द्यावा लागला. खामगाव आणि अमरावतीचे फाटे टिकले आणि हे गेले, त्याचं उत्तर तुमच्या लेखातच आहे: ते ब्रॉडगेज होते, वाघीण थेट बोरीबंदरला.

खर्डेघाश

नेहमीप्रमाणे मी थंड पाणी ओततो.

हे सगळं रम्य आहे, पण दारव्हा–पुसद फाटा युद्धात उखडला नसता तरी पुढे वीसेक वर्षांत मेलाच असता. पुसदच्या व्यापाऱ्याने गाठ बैलगाडीत घालून स्टेशनावर आणायची, वाघिणीत चढवायची, मूर्तिजापूरला उतरवून चढवायची, मुंबईला पुन्हा उतरवायची. ट्रक आला की हे सगळं एकदा चढवणं आणि एकदा उतरवणं एवढ्यावर येतं. यात भावनेला जागा कुठाय?

प्रवाशांचं तेच. यवतमाळहून नागपूरला जाणारा माणूस मूर्तिजापूरला, म्हणजे उलट्या दिशेला, ११३ किलोमीटर का जाईल? धामणगाव त्याला पन्नासच्या आत. बसने धामणगाव गाठलं की मुख्य लाइन हाताशी. नकाशा पाहिला तर ही लाइन यवतमाळच्या लोकांसाठी बांधलीच नव्हती असं स्पष्ट दिसतं. ती कापसाच्या गाठींसाठी बांधली होती, आणि गाठींना फक्त पश्चिम दिशा माहीत होती, मुंबई बंदराची. माणसं गाठींबरोबर फुकटात आली.

तेव्हा एसटीने मारलं नाही, हे मान्य. पण मारलं नशिबाने किंवा युद्धाने, हेही खरं नाही. मांडणीतच मरण होतं.

रूळवेडा

@खर्डेघाश, धामणगावचा मुद्दा बिनतोड. एवढा सरळ मी कधी मांडला नसता.

पण "मेलाच असता" यावर मी अडून बसणार. युद्धात उखडलेल्या लाइन भारतात पुष्कळ होत्या. रूळ आणि पोलाद आघाडीला हवं होतं, म्हणून कमी कमाईचे फाटे निवडून काढले. त्यातले काही परत आले. केरळातला शोरणूर–निलांबूर फाटा युद्धात काढला आणि १९५४ मध्ये पुन्हा घातला. कांगडा खोऱ्यातला नगरोटा ते जोगिंदरनगर हा तुकडा, तोही अडीच फुटीच, युद्धात उचलला आणि १९५४ मध्येच परत आला. आज तिथे लोक मुद्दाम गाडीत बसायला जातात.

मग पुसदचा का नाही? मला यात मालकीची गोम दिसते. स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ मध्ये रेल्वेचं एकत्रीकरण झालं तेव्हा सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी त्यात आलीच नाही. लाइन कंपनीची, गाड्या सरकारच्या, असा करार पुढे चालू राहिला. ज्या जमिनीवर आणि रुळांवर सरकारची मालकी नाही तिथे सरकार स्वतःच्या खिशातून ४० मैलांचे रूळ परत का घालेल? आणि कंपनी तरी का घालेल, जिला चालू लाइनीचे पैसे बसल्या जागी मिळत होते? दोघांनाही हात झटकायला उत्तम सोय. चालू असलेल्या तुकड्यांवर नवा खर्च न करण्याचं कारणही नंतर हेच झालं.

(आणि एकदाचं सांगून टाकतो, म्हणजे पुढचे पन्नास प्रतिसाद वाचतील: किलिक निक्सन ही १८५७ साली मुंबईत सुरू झालेली पेढी, काढली इंग्रजांनी, पण पुढे ती भारतीय मालकीत गेली. तेव्हा "राणीला रॉयल्टी" वगैरे बंद करा.)

खर्डेघाश

निलांबूरला सागवान होतं. त्या सागासाठीच तो फाटा काढला होता. जोगिंदरनगरला शानन वीजकेंद्र होतं, कांगडा लाइनच मुळी त्याची अवजड यंत्रं वर न्यायला घातली. तिथे गरज उभी होती. पुसदला काय होतं?

रूळवेडा

पुसदला वसंतराव नाईक होते. :)

१९६३ पासून १९७५ पर्यंत, सलग अकरा वर्षांवर मुख्यमंत्री. पुसदजवळच्या गहुलीचे. पुढे त्याच घरातून सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले. एका तालुक्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले आणि त्या तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. जी होती तीही परत आली नाही. आता हे राजकीय दुर्लक्ष म्हणायचं का मालकीचा तिढा? मी दुसऱ्या बाजूला, कारण नाईकांच्या काळात रस्ते झाले, धरणं झाली. जे राज्याच्या हातात होतं ते झालं. रेल्वे दिल्लीच्या हातात आणि हा रूळ तर दिल्लीच्याही पूर्ण हातात नाही.

कारंजेकरीण

इतका वेळ नुसती वाचत होते. कारंजा लाड माझं माहेर, म्हणून राहवलं नाही.

तुम्ही सगळे कापूस कापूस करताय, पण कारंज्याला माणसंही उतरायची. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान ते. दत्तभक्तांना मुंबई-पुण्याकडून यायचं तर मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडायची आणि छोट्या गाडीत बसायचं. आमच्या घरी पाहुणे यायचे ते डोळ्यांत कोळशाचे कण घेऊनच. आजी आधी डोळे धुवायला पाणी द्यायची, मग चहा. माझ्या लहानपणी इंजिन डिझेलचं झालेलं होतं, त्यामुळे हे मी ऐकलेलं.

बायकांच्या दृष्टीने या गाडीचं एक वेगळंच महत्त्व होतं, ते कुठे लिहिलेलं दिसत नाही. बसमध्ये उभं राहून, मूल काखेत आणि गाठोडं डोक्यावर, असा प्रवास नको वाटायचा. गाडीत ऐसपैस बसता यायचं. तिकीट बसपेक्षा खूपच कमी. बाजाराच्या दिवशी भाजीच्या टोपल्या, कोंबड्या, एखादी शेळीसुद्धा. वेळ लागायचा, पण ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्याकडे वेळ होता. खर्डेघाश यांच्या हिशेबात ही माणसं कुठे धरायची?

खर्डेघाश

ताई, तोट्याच्या बाजूला. :( पण पटलं.

सिग्नल_डाऊन

इंजिनाचा विषय निघालाच आहे तर: १९२१ मध्ये मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून या लाइनीवर होतं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. सत्तर वर्षं. म्हणजे पुसदचा फाटा सुरू झाला तेव्हा हे इंजिन तिथे आलेलं होतं, फाटा उखडला तेव्हाही होतं, आणि त्यानंतर अर्धं शतक ते मोतीबागवरून जात येत राहिलं. जंक्शनाचा जन्म आणि मरण दोन्ही पाहिलेला असा साक्षीदार दुसरा नसेल.

शेवटच्या काळात वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास आणून ठेवला होता, कारण रूळ आणि पूल त्यापेक्षा जास्त सोसण्याच्या लायकीचे ठेवलेच नव्हते. आधी यवतमाळची बाजू बंद झाली, अचलपूरची थोडी नंतर.

बोका_परदेशी

अवांतर वाटेल, पण मोतीबागला इंग्लंडात एक चुलतभाऊ आहे. बकिंगहॅमशरमध्ये व्हर्नी जंक्शन नावाचं स्टेशन होतं. १८६८ मध्ये उघडलं. गंमत म्हणजे तिथे गावच नव्हतं! चारही बाजूंना शेतं. आता नाव काय द्यायचं? मग तिथले जमीनदार आणि रेल्वेचे कर्तेधर्ते सर हॅरी व्हर्नी यांचं आडनाव लावून टाकलं. (हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या बहिणीचे यजमान.)

पुढे १८९१ मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने तिथली एक लाइन घेतली. म्हणजे लंडनच्या पोटातून जाणाऱ्या भुयारी रेल्वेचं शेवटचं टोक हे, पन्नास मैलांवर, कुरणात. १९१० पासून मेट्रोपॉलिटनच्या गाड्यांना पुलमनचे आलिशान डबे लागायचे, आत बसून न्याहारी करत लंडनला जाता यायचं, आणि ते डबे या आडरानातल्या जंक्शनापर्यंत यायचे. १९३३ मध्ये लंडनची सगळी वाहतूक एका मंडळाकडे गेली. त्या मंडळाने पाहिलं की शहरी वाहतुकीचा आणि या शेतांचा काही संबंध नाही. १९३६ मध्ये त्या लाइनवरची प्रवासी वाहतूक बंद. मग बकिंगहॅमची बाजू १९६४ मध्ये गेली. उरलेली ऑक्सफर्ड–केंब्रिज लाइन बंद होताना १ जानेवारी १९६८ पासून स्टेशनही बंद.

मला साम्य दिसतं ते असं: जंक्शन एका फटक्यात मरत नाही. एकेक फांदी छाटली जाते आणि दर वेळी मालक वेगळा असतो. आता त्या ऑक्सफर्डच्या मार्गावर पुन्हा रूळ घातलेत, शेजारच्या विन्स्लोला नवं स्टेशन बांधलंय. व्हर्नीला नाही. गाड्या समोरून जाणार, थांबणार नाहीत.

वऱ्हाडी_गडी

गाव नसलेलं जंक्शन! इकडं गाव हाय अन् जंक्शन नाही. अदलाबदल करता येते का पाहा बरं.

मोजणीदार

माझा व्यवसाय जमीनमोजणीचा असल्यामुळे थोडा वेगळा कोन देतो. रूळ उखडले तरी रेल्वे सहजी जमिनीतून जात नाही.

जुन्या लाइनी शोधायच्या तर आधी उपग्रहाचं चित्र उघडा आणि वळणं पाहा. बैलगाडीची वाट बांधाच्या कोपऱ्यावर काटकोनात वळते, ओढ्यापाशी खाली उतरते, झाडाला वळसा घालते. रेल्वेला हे जमत नाही. तिचं वळण लांब, मंद आणि एकसारखं. शेतांच्या चौकटीतून अशी एखादी कमान तिरपी गेलेली दिसली, दोन्ही बाजूंचे बांध तिच्याशी समांतर, आणि रुंदी शेवटपर्यंत तीच, तर नव्वद टक्के काम झालं. मग जमिनीवर जा: खोलगट असेल तिथे भराव, टेकाड असेल तिथे खोदाई, आणि ओढ्यावर घडीव दगडाची मोरी. लाकडी स्लीपर (रुळाखालच्या आडव्या तुळया) लोक चुलीत घालतात, लोखंड भंगारात जातं, पण मोरीचा दगड जड असतो म्हणून जागेवर राहतो. गावात कुंपणाला किंवा गोठ्याच्या आढ्याला जुन्या रुळाचा तुकडा दिसला तर तो घरमालकाला न दुखावता पाहून घ्या.

कागदावर शोधायचं तर गावनकाशा. रेल्वेसाठी घेतलेली पट्टी तिथे वेगळ्या आखणीने दिसते. सातबारावर भोगवटादार म्हणून रेल्वे किंवा कंपनी असू शकते, आणि प्रत्यक्षात तिथे तूर उभी असते. दोन पिढ्या वहिवाट असलेल्या शेतकऱ्याला अचानक कळतं की आपल्या रानातून कागदोपत्री गाडी जाते. बंद लाइनींच्या गावांत असले तंटे ठरलेले. तेव्हा माहिती काढायला जाताना "आम्ही रेल्वेचे नाही" हे पहिलं वाक्य असू द्या, नाहीतर चहा तर सोडाच, कुत्री मागे लागतील.

रूळवेडा

@मोजणीदार, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा धागा होण्याच्या लायकीचा आहे.

@बोका_परदेशी, अवांतर कसलं, "दर वेळी मालक वेगळा" हे मला हवंच होतं. फक्त मोतीबागला उलटं झालं. इथे मालक शेवटपर्यंत तोच, म्हणून कुणालाच काही करता आलं नाही.

नवा_सभासद_यवतमाळ

माझा इथला पहिलाच प्रतिसाद. कुणीच वर्धा–नांदेडचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितोय. ही नवी ब्रॉडगेज लाइन २८४ किलोमीटरची. वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव करत नांदेड. नावं नीट वाचा: दारव्हा, दिग्रस, पुसद. म्हणजे युद्धात उखडलेला फाटाच ब्रॉडगेजच्या रूपाने परत येतोय, आणि या वेळी तो दारव्ह्याला संपणार नाही, दोन्हीकडून आरपार जाणार. पूर्वी पुसदचा माणूस उत्तरेला दारव्ह्यापर्यंत येऊन पश्चिमेला वळायचा. आता तो थेट पूर्वेला वर्ध्याला आणि दक्षिणेला नांदेडला जाईल.

आणि शकुंतलेचं रुंदीकरण खरोखरच झालं, म्हणजे मूर्तिजापूरहून कारंजामार्गे ब्रॉडगेज दारव्ह्याला आली, तर दारव्हा पुन्हा तीन दिशांचं होईल.

खर्डेघाश

"खरोखरच झालं" या दोन शब्दांत आमची एक पिढी म्हातारी झाली. घोषणा झाल्या, सर्वेक्षणं झाली, अर्थसंकल्पाच्या दिवशी पेपरात मथळे आले.

पण वर्धा–नांदेडबद्दल मी गप्प बसतो. आर्थिक गणितही तिथे बरं दिसतं. मुख्य कारण असं की ती फाटा नाहीच, दोन मोठ्या लाइनींना जोडणारी आहे. पुसदची जुनी गाडी पुसदला जाऊन परत फिरायची. तिच्यापुढे काही नव्हतं. टोक असलेला रूळ आणि आरपार रूळ यांत हाच फरक. कुर्डुवाडी पाहा. बार्शी लाइट रेल्वेचीही गाडी अडीच फुटी, तिथेही गेज बदलायची हमाली होती. पण एका अंगाला लातूर, दुसऱ्या अंगाला पंढरपूरवरून मिरज, म्हणजे दोन्ही टोकांना काहीतरी होतं. म्हणून रुंदीकरण परवडलं आणि कुर्डुवाडी आजही जंक्शन आहे.

सिग्नल_डाऊन

+१. आणि कुर्डुवाडीत नॅरोगेजचा कारखाना होता, त्याचाही वजनदार हात होता. जिथे रेल्वेची माणसं राहतात तिथली रेल्वे लवकर मरत नाही.

कारंजेकरीण

म्हणजे कारंजा परत नकाशावर येईल का, याचं उत्तर शेवटी मूर्तिजापूर–दारव्हा तुकड्यावर आहे तर. वर्धा–नांदेडने दारव्ह्याला गाडी मिळेल, पण आम्ही मधल्यामध्ये लटकलेलेच. आमचं स्टेशन त्या नव्या रेषेवर नाही.

नवा_सभासद_यवतमाळ

हो ताई. तुमच्यासाठी जुनीच लाइन रुंद व्हायला हवी. जागा आधीच रेल्वेसाठी घेतलेली आहे ही त्यातली एक जमेची बाजू, पण नॅरोगेजची वळणं ब्रॉडगेजला चालत नाहीत, पूलही नवे लागतात. म्हणजे निम्मं काम नव्या लाइनीसारखंच.

वऱ्हाडी_गडी

मोजणीदार भाऊ, तुमचं वाचून मले चैन पडून नाही राह्यलं. दारव्ह्याहून दिग्रसकडं जाताना एका जागी रस्त्याच्या बाजूनं असाच लांबलचक भराव हाय, वर बाभळी माजल्या. आम्ही लहानपणी त्याले पाटाचा बांध समजत होतो. आता शंका येऊन राह्यली. कागद कुठं पाहाचा, ते सांगा.

मोजणीदार

आधी महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून तो गट नंबर काढा. पट्टी शेजारच्या गटांपासून वेगळी तोडलेली आहे का ते बघा. पाट असेल तर तो उताराच्या कडेकडेने नागमोडी जाईल आणि वरच्या अंगाला बंधाऱ्याशी किंवा तलावाशी जुळेल. रेल्वे असेल तर ओढा सरळ ओलांडेल. त्या भरावाखालून ओढा जात असेल तिथे मोरी पाहा, कमानीची आहे का सपाट फरशीची. फोटो टाका आणि सोबत काठी उभी धरा, म्हणजे माप कळेल. मूळ नकाशाची प्रत हवी असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. गट नंबर आधी लिहून न्या, नुसतं "जुनी रेल्वे" म्हटलंत तर दिवसभर बसवून ठेवतील.

वऱ्हाडी_गडी

रविवारी जातो. साप-किरडू असते तिकडं, गमबूट घालून जाईन. फोटो इथंच टाकतो.